२९ जुलै कोणाच्या ध्यानात आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जुलैला आमच्या तालुक्यात दरवर्षी कारगिल विजय दिन साजरा होतो. शाळेची मुले पावसातही प्रभातफेरी काढतात, माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देतात. द्यायलाच हवे. पण त्यानंतर तीनच दिवसांनी येणारी २९ जुलै कोणाच्या ध्यानात नसते. १९८७ साली याच तारखेला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथला तमिळ-सिंहली संघर्ष मिटवण्याच्या करारावर सह्या केल्या आणि आपले जवान ‘शांतिसेना’ म्हणून समुद्रापार गेले. त्यातले सुमारे १२०० जिवंत परतले नाहीत. त्या सह्यांची झळ इथवर कशी पोचली, ते मी माझ्या पडवीत बसून पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

मी मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात जवळजवळ चाळीस वर्षे ब्रँच पोस्टमास्तर होतो. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पडवी. एक टेबल, तराजू, शिक्का आणि लाखेचा डबा. थैली एसटीने यायची. आमच्या पट्ट्यात वाडीगणिक दोन-चार जण तरी फौजेत. कोणी मराठा पलटणीत, कोणी महार रेजिमेंटमध्ये, कोणी नेव्हीत. त्यांच्या मनिऑर्डरींवर चुली पेटायच्या, मुलांच्या फिया भरल्या जायच्या. कोणाची मनिऑर्डर कोणत्या तारखेला येते, हे मला तोंडपाठ असायचे.

१९८७च्या ऑक्टोबरात, ऐन भातकापणीत, खालच्या वाडीतली एक आई रोज दुपारी येऊन पायरीवर बसायची. हातात विळा तसाच. मुलगा महार रेजिमेंटमध्ये. दिवाळी तोंडावर आली तरी मनिऑर्डर नाही, पत्र नाही. आधीच्या पत्रावर ‘५६ एपीओ’ एवढाच, म्हणजे फौजेच्या टपालाचा, पत्ता, त्यामुळे पोरगा काश्मिरातच आहे अशी तिची समजूत. मी रेडिओवर श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्याच्या बातम्या ऐकत होतो. एक दिवस राहवले नाही, सांगून टाकले की तो बहुधा लंकेत असेल. ती म्हणाली, “लंकंत? तितं आपलं कोन हाय? आनि भांडान कुनाशी लागलं, मास्तर?”

मला उत्तर देता आले नाही. मी बातम्या ऐकणारा, पेपर वाचणारा माणूस. पण वेगळा तमिळ देश मागणाऱ्या ज्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी आपले जवान लढत होते, तिच्या पोरांना काही वर्षांपूर्वी आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या छावण्यांत शिकवून शस्त्रे दिली होती, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचे?

तिचा मुलगा परत आला तो डावा पाय गुडघ्याखाली गमावून. रस्त्यात पेरलेला सुरुंग. महिनाभर तो कोणाशी धड बोलला नाही. पुढे पेन्शनीच्या कागदांसाठी माझ्याकडे बसू लागला तेव्हा थोडे थोडे सांगू लागला. पहिल्या दिवसांत जाफन्याच्या गावांतून बायाबापड्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातले होते. तीन महिने उलटायच्या आत त्याच गल्ल्यांतून गोळ्या येऊ लागल्या. समोरच्यांच्या हातात एके-४७, यांच्याकडे लांबलचक एसएलआर रायफली, आणि घराघरात शिरून लढायचे. “मास्तर, आम्हाला सांगितलं होतं शस्त्रं गोळा करायला जायचंय. लढायला जायचंय असं कोणी बोललंच नाही,” हे त्याचे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

करारात तेच तर होते. लढणाऱ्या तमिळ गटांनी ७२ तासांत शस्त्रे खाली ठेवायची आणि भारताने त्याची हमी घ्यायची. ज्या एलटीटीईकडून शस्त्रे घ्यायची, तिची मात्र करारावर सहीच नव्हती. करार तिथल्या सिंहली लोकांनाही नको होता. दुसऱ्याच दिवशी सलामी घेताना त्यांच्याच नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो फोटो साऱ्या जगाने पाहिला. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. तिथले तमिळ होरपळत होते, शेजारी म्हणून हात बांधून बसणे अवघडच होते. पण दोन्ही बाजूंना नको असलेल्या कराराच्या मधोमध जवानाला उभे केले गेले, आणि त्याने किती दिवस उभे राहायचे, काम झाले हे कशावरून ओळखायचे, हे कोणीच लिहून ठेवले नाही.

मग माणसे बदलली. तिकडे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या सैन्याला निघून जायला सांगितले, वर एलटीटीईला शस्त्रे पुरवली. इकडे १९८९च्या शेवटी विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले आणि सैन्य माघारी आणले. मार्च १९९०मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी त्यांच्या स्वागताला गेले नाहीत. बत्तीस महिन्यांत दोन्ही देशांची धोरणे उलटसुलट झाली. पलटण मात्र तीच आणि तिला मिळालेला हुकूमही तोच.

याच लढाईत, म्हणजे ‘ऑपरेशन पवन’मध्ये, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याच्या हातची रायफल हिसकावून त्याला गारद केले. आमच्या भागातली महार रेजिमेंटची जुनी माणसे हे नाव घेताना आजही ताठ उभी राहतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी खालच्या वाडीतल्या त्या जवानाबरोबर मी कुठल्याशा कार्यालयात गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने कागद पाहून विचारले, “ऑपरेशन पवन? म्हणजे काय? कारगिलचे असाल तर फॉर्म वेगळा आहे.” तो काही बोलला नाही. कुबडी सावरून बाकावर जाऊन बसला. मी त्या खिडकीशी भांडलो, पण तिथल्या माणसालाही कोणी कधी सांगितलेले नव्हते, त्याचा तरी काय दोष?

आपल्या सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसांना दूरच्या कोणाच्या निर्णयासाठी लढायला पाठवणे नवे नाही. कोकणातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची पाटी आहे: या गावातून इतके गेले, इतके मेले. १९१५च्या डिसेंबरात इराकमधल्या कूट शहराला वेढा पडला तेव्हा उपाशी अडकलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले, वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. पण भारत त्या युद्धात उतरला तो कसा? १९३९मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय नेत्याला न विचारता जाहीर करून टाकले. तेव्हा राज्य परक्यांचे होते. आता आपले आहे, आणि तरीही सैन्य परदेशी पाठवताना संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही.

विचारून, तयारीने केले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. १९७१मध्ये लष्करप्रमुख माणेकशा यांनी वेळ मागितला आणि इंदिरा गांधींनी तो दिला. ऑगस्टमध्ये रशियाशी मैत्रीचा करार झाला, पाठ राखली गेली, आणि मगच डिसेंबरात रण पेटले. मार्च १९७२मध्ये आपले सैन्य बांगलादेशातून परतलेसुद्धा. २००३मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपले सैन्य मागितले. संसदेने त्या युद्धाविरुद्ध आधीच ठराव केला होता, वर्तमानपत्रांतून महिनाभर चर्चा झाली, वाजपेयींनी विरोधकांशी बोलणी केली आणि १४ जुलैला नकार कळवला. ज्या कूटजवळ पणजोबा अडकले होते, तिकडे पणतू गेले नाहीत, ते या एका नकारामुळे. असा निर्णयही शौर्याइतकाच जपून ठेवावा, असे मला वाटते.

काही जण म्हणतील, फौजेच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात. डावपेच मांडूच नयेत. नोव्हेंबर १९८८मध्ये मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदतीची हाक दिली आणि आपले छत्रीधारी सैनिक त्याच रात्री आग्र्याहून उडाले. तिथे चर्चा करत बसायला सवड नव्हतीच. अशा वेळी आधी जावे आणि चार दिवसांनी संसदेला सांगावे. जर्मनीत परदेशी सैन्य पाठवायला त्यांच्या संसदेची मंजुरी लागते, आणि तातडीची वेळ असेल तर ती मागाहून घेता येते. आपल्याला हे का जमू नये? कशासाठी जायचे, किती काळ, गोळी कधी चालवायची, परत कधी यायचे, एवढे तरी सभागृहात बोलले जावे. लडाखमधल्या गलवानमध्ये १५ जून २०२० रोजी आपले २० जवान दगड-दांडक्यांच्या झटापटीत गेले. चीनबरोबरच्या १९९६च्या करारामुळे तिथे बंदूक चालवायची नव्हती. करार चांगला की वाईट, हा जाणकारांचा प्रश्न. पण दिल्लीत केलेल्या सहीचे एक कलम जवानाच्या हातातल्या बंदुकीपर्यंत पोचते, हे गावोगावच्या लोकांना कळायला हवे.

आजही पहाटे वेळासच्या पुळणीवर पोरे भरतीसाठी धावताना दिसतात. अग्निवीर झाले तरी चालेल म्हणतात, चार वर्षे तर चार वर्षे. त्यांच्या मतांवर निवडून जाणाऱ्या खासदारांना माझी हात जोडून विनंती आहे की, रस्ते आणि जेटीच्या प्रश्नांबरोबर हा प्रश्नही एकदा सभागृहात विचारावा.

आणि आपल्याला एक विनंती. येत्या २९ जुलैला आपल्या वृत्तपत्रात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून शांतिसेनेत गेलेल्या जवानांची नावे, निदान जे परतले नाहीत त्यांची तरी, गाव-तालुक्यासह छापावीत. आमच्या पोस्टाच्या हद्दीतली नावे मी वहीत उतरवून ठेवली आहेत. घरच्यांना विचारून, त्यांच्या संमतीने पाठवतो.

आपला,
एक निवृत्त ब्रँच पोस्टमास्तर
ता. मंडणगड, जि. रत्नागिरी