हृदयरोग आणि एडीएचडीच्या गोळ्या

संपादक महोदय,

एडीएचडीच्या (लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा या विकाराच्या) गोळ्या हृदयाला घातक असतात, अशा आशयाचा मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. भीती निराधार नाही, पण चित्र अर्धवट आहे. माझ्या मुलीच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते. ते लहानपणीच शस्त्रक्रियेने बुजवले. आज ती मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची गोळी घेते, तेही हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने.

बुजवलेले छिद्र आणि नॉर्मल इको (हृदयाची सोनोग्राफी) असलेले मूल एकीकडे. हृदयाचा स्नायू जाड झालेला किंवा ठोके गंभीररीत्या अनियमित असलेला रुग्ण दुसरीकडे. दुसऱ्याला ही औषधे सहसा देत नाहीत. पहिल्याला नीट तपासून देता येतात. या गोळ्यांनी नाडी मिनिटाला सरासरी ३ ते ५ ठोक्यांनी वाढते, वरचा रक्तदाबही २ ते ४ अंकांनी चढतो. अर्थात ही झाली सरासरी; एखाद्याचा बराच जास्त चढतो, म्हणून तर मोजत राहायचे. अमेरिकेत २०११ साली १२ लाख मुला-तरुणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अचानक मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. उलट २०२३ च्या स्वीडनमधील अभ्यासात, वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब अधिक आढळला. छापायचे तर दोन्ही छापा.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, ‘हार्टच्या डॉक्टरांना विचारा.’ हार्टच्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले, ‘मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने.’ फाइल काखेत मारून मी दोघांच्या मध्ये! जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांमध्ये एडीएचडी इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणजे असा पेशंट त्यांना काही नवा नसणार. शेवटी मीच हट्ट धरून लिहून घेतले: गोळीआधी ईसीजी, डोस वाढवला की नाडी आणि रक्तदाब, बसल्या जागी नाडी कितीच्या वर गेली तर फोन करायचा, आणि खेळताना चक्कर आली, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली तर पुढची गोळी न देता तडक दाखवायचे. चार ओळींचेच काम होते.

‘हृदयाचा प्रश्न आहे ना, मग अ‍ॅटोमॉक्सेटिन द्या,’ असा सल्लाही सर्रास मिळतो. एडीएचडीच्या या दुसऱ्या औषधानेही नाडी वाढते. एडीएचडीवरच देतात त्या क्लोनिडिनने रक्तदाब उतरतो खरा, पण ते एकदम बंद केले तर उसळतो. आणि सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनवाल्या गोळीबद्दल तर कोणी विचारतही नाही; तिनेही नाडी-रक्तदाब वाढतो.

गोळी न देणेही फुकट पडत नाही. रस्ता ओलांडताना हिचे लक्ष भलतीकडे असे. शिवाय उद्या मोठी झाल्यावर हृदयाच्या तपासणीच्या तारखा हिलाच लक्षात ठेवायच्या आहेत.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला आणि मानसोपचारतज्ज्ञाला एकत्र बसवून लिहिते करा. आणि तोवर कोणी घाबरून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, एवढे तरी ठळक अक्षरांत छापा.

– एक आई