कोणती मिरची वाढली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मिरची उत्पादनाच्या वाढत्या आलेखावरचा आपला कालचा लेख वाचला. देशातली वाळली मिरची २० लाख टनांच्या वर गेली, आनंद आहे. पण त्यातली निम्म्याहून जास्त आंध्र-तेलंगणाची, हे एका ओळीत उरकलंत आणि फोटो मात्र भिवापूरकडच्या सातऱ्याचा, म्हणजे मिरचीचे देठ काढायच्या जागेचा, छापलात! मुक्के (देठ) तोडणाऱ्या बाया आमच्या, म्हणून मिरचीही आमचीच, असा हिशेब असावा. आमच्या शेजारच्या सातऱ्यावरचा माल ट्रकनं बाहेरून येतो. ठसका तेवढा आमच्या बायांना.

भिवापुरीला, म्हणजे आमच्या गावरान मिरचीला, भौगोलिक मानांकन २०१६ च्या आसपासच मिळालं. तेव्हा आम्हीही पेढे खाल्ले. घरची बिजवाई, म्हणजे तिचं बियाणं, मी अजून राखून आहे. गेल्या हंगामात तोडे करून, आठवडाभर खळ्यावर वाळवून माल बाजारात नेला. व्यापाऱ्यानं मूठभर मिरच्या उचलल्या, एक मोडली, बिया हातावर झटकल्या आणि भाव बोलला तो संकरितचा. ही भिवापुरी आहे म्हटलं, तर म्हणतो, "काकाजी, तिखट झाल्यावर कोन इचारते कोनची व्हती?" वर पोत्यामागं दोन किलो कडता कापला, म्हणजे तेवढ्या वजनाचे पैसेच नाहीत. कडता बंद झाल्याच्या बातम्या आपणच छापता ना?

गावरान मिरचीला उतारा कमी, त्यात पानं आकसणारा चुरडा-मुरडा रोग आला की अर्धं वावर गेलंच समजा. चार-पाच तोडे करायला मजूर आणायचे कुठून? सोयाबीन दिवाळीआधी घरात येतं. लोकांनी मिरची सोडली यात नवल काहीच नाही. राग याचा येतो, की सोडली हे कुठल्या आकड्यात दिसतच नाही. सरकारी तक्त्यात, बाजार समितीच्या पावतीवर आणि आपल्या बाजारभावाच्या रकान्यातही नुसतं 'मिरची'. संकरित वाढली, गावरान आटली, बेरीज मात्र चढतीच! आपल्या लेखकांनी वाणवार आकडे मागून तर पाहावेत.

जाता जाता, शेतीचं पान आपण रविवारी काढता. आमच्या गावात रविवारचा अंक सोमवारी दुपारी येतो, तोही पुरवणीशिवाय. एजंटाला विचारलं तर तो आपल्याकडे बोट दाखवतो.

आपला,
एक मिरची उत्पादक
ता. भिवापूर, जि. नागपूर