चेक हरवला बँकेने, धावपळ खातेदाराची?

संपादक महोदय,

हरवलेल्या चेकवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला, ग्राहकाने काय काय करायचं ते सगळं त्यात आलं पण बँकेने काय करायचं तेच राहून गेलं. खात्यात भरलेला चेक बँकेत किंवा क्लिअरिंगमध्ये (वटवण्यासाठी दुसऱ्या बँकेकडे जाताना) गहाळ झाला तर जबाबदारी बँकेची, खातेदाराची नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. खातेदाराला लगेच कळवायचं, म्हणजे चेक देणाऱ्याला स्टॉप पेमेंट (त्या चेकवर पैसे देऊ नका, अशी आपल्या बँकेला सूचना) करता येतं, शिवाय डुप्लिकेट चेक मिळवायचा खर्च आणि त्यात गेलेल्या वेळाचं व्याजही बँकेनेच द्यायचं. काउंटरवर मात्र 'पार्टीकडून दुसरा आणा' म्हणून मोकळे! आणि हो, चेक ड्रॉप बॉक्समध्ये न टाकता काउंटरवर देऊन स्लिपवर पोच मागा, ती द्यायला ब्रँच नकार देऊ शकत नाही.

- एक खातेदार