भायखळा ते ठाणे धीम्या लोकलमधल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं चारचौघांत पत्र. ओळख पटावी म्हणून खुणा सांगते. फेब्रुवारीतला बुधवार, राणीबागेचं बंद फाटक, आणि फाटकासमोर ठाण्याहून आलेली एक बाई, तिची दहा वर्षांची लेक आणि भोकाड पसरलेला सहा वर्षांचा मुलगा. ती बाई मी.

चूक माझीच होती. शाळेला स्नेहसंमेलनानंतरची सुट्टी, मुलांना पेंग्विन कबूल केलेले, आणि राणीबाग बुधवारी बंद असते हे बघायचं मला सुचलंच नाही. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयालाही बुधवारीच सुट्टी. तुम्ही मेथी-मुळ्याची पिशवी घेऊन चालला होतात, थांबलात, आणि धाकट्याला म्हणालात, "अरे, आठवड्यातून एक दिवस झाडांनाही सुट्टी नको का?" तो गप्प झाला. मला अर्ध्या तासात जमलं नव्हतं ते.

स्टेशनवर कळलं की तुम्हीही ठाण्याचेच. कोपरीत राहणारा माणूस भाजीला भायखळ्याला कशाला येतो, हे मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "लहानपण इथल्या चाळीत गेलं. सून हसते मला. पण मुळा इथलाच." दुपारची धीमी गाडी रिकामीच होती. पिशवी पायाशी ठेवून तुम्ही औषधाच्या दुकानाचं बिल काढलंत, त्याच्या पाठीवर आकडे घालून राणीबागेत बघायच्या झाडांची यादी लिहायला घेतलीत आणि चिंचपोकळीच्या आतच शाळा सुरू झाली.

परळपर्यंत गोरखचिंच. दादरला गर्दी चढली म्हणून थांबलात. कुर्ल्याला कैलासपती. "शेंड्याकडे बघत बसाल तर मान दुखेल. याची फुलं खोडावर शोधायची." फुलातली नागफणी दाखवायला तुम्ही उजव्या हाताची पाच बोटं वाकवून डाव्या मुठीवर धरलीत, तो हात धाकट्याने तेव्हापासून सोडलेला नाही. जेवताना वाटीवरसुद्धा फणा धरतो. नाव कैलासपती आणि झाडाचं माहेर दक्षिण अमेरिका, हे ऐकून समोरच्या बाकावरचे गृहस्थही पेपर घडी करून ऐकायला लागले होते.

शेवटी एकच अट घातलीत: पेंग्विन सगळ्यात शेवटी.

रविवारी मुलांच्या बाबांना घेऊन पुन्हा गेलो. चौघांचं शंभर रुपयांचं कुटुंबाचं तिकीट काढलं आणि अट पाळली. तुम्हाला वाटेल मी बरं वाटावं म्हणून लिहितेय, पण खरंच, पहिला दीड तास कुणी पेंग्विनचं नावही काढलं नाही. गोरखचिंचेला पानं नव्हती. लेक म्हणाली, कुणीतरी उपटून डोकं खाली करून लावल्यासारखी दिसते. खोडाची साल हत्तीच्या पायासारखी, आणि त्या खोडात झाड पाणी साठवतं हे तुमचं वाक्य तिने बाबांना असं ऐकवलं की जणू तिनेच शोधून काढलंय. कैलासपती धाकट्याने आधी ओळखला, खोडाला लटकलेल्या तोफगोळ्यांसारख्या फळांवरून. खाली पडलेलं फूल त्याने तळहातावर घेतलं, आणि फणा खरंच होता. वासाने मात्र नाक मुरडलं.

उर्वशी सापडेना. एका माळीदादांनी नेऊन दाखवली. तुम्ही सांगितलं होतं, "उर्वशी खाली बघते, तिच्याखाली जाऊन उभं राहायचं." तसेच उभे राहिलो. लाल फुलांचे झुपके झुंबरासारखे लोंबत होते, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पानं तांबूस, मऊ, ओल्या रुमालासारखी लुळी पडलेली. झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. मी राणीबागेत लहानपणापासून चार-पाचदा तरी आले असेन, पण या झाडाखाली कधी उभी राहिले नव्हते. आम्हाला हत्ती बघायचा असायचा ना!

सीताअशोकाने घरी गोंधळ घातला. खऱ्या अशोकाची केशरी फुलं बघून आल्यावर लेकीने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून सांगितलं की कंपाउंडला लावलेले उंच, सरळसोट "अशोक" हे अशोक नव्हेतच. ते बिचारे म्हणाले, "बरं बाळा, पुढच्या मीटिंगला घेऊ."

पेंग्विन झाले शेवटी. रांग मोठी होती, काचेपलीकडे ते छान पोहत होते, मुलं खूश. त्याबद्दल एवढंच.

बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली, आणि ठाण्याला आगगाडी त्याआधीच, १८५३ मध्ये आलेली. "म्हणजे आपले ठाणेकर पहिल्या दिवसापासून गाडीने बागेत जाऊ शकत होते," असं तुम्ही मुलुंडच्या आसपास म्हणाला होतात. ते लेकीने वहीत लिहून ठेवलंय, खाली कंसात "लोकलमधले आजोबा".

ठाण्याला उतरलो तेव्हा तुम्ही धाकट्याच्या हातात एक मुळा दिलात आणि कोपरीच्या बाजूला वळलात. मी आभार मानायच्या आत पुलावरच्या गर्दीत दिसेनासे झालात. ते आभार आता मानते. मनापासून. मुळ्याचेही. संध्याकाळी चटका केला, चांगला झाला होता.

एक काम मात्र अर्धवट आहे. यादीतलं पाचवं नाव धाकट्याच्या पाण्याच्या बाटलीने पुसलं गेलंय. पहिलं अक्षर "ब" दिसतं, पुढे निळा डाग. माळीदादांना कागद दाखवला, त्यांनी तीन नावं सांगितली, लेकीला एकही पटत नाही. तिच्या मते आजोबांनी ते सांगताना डोळे मिचकावले होते, म्हणजे काहीतरी गंमतीचंच झाड असणार. परीक्षा संपल्या की आम्ही पुन्हा जाणार आहोत, बुधवार सोडून. त्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तेवढं पाचवं झाड कळवा.

आपली,
बंद फाटकासमोरची ठाणेकर