पोरगा ऑफिसर झाला, ओव्हरटाइम गेला

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तुम्ही त्या उद्योजक महाशयांची अर्धं पान मुलाखत छापलीत. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना माणसं मिळत नाहीत, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, दोन महिन्यात पळून जातात वगैरे वगैरे. वाचून डोकं फिरलं. रात्रीच लिहायला बसलो होतो, बायको म्हणाली झोपा आता, सकाळी शांतपणे लिहा. सकाळी परत वाचली, आणखीच फिरलं. तुमच्या प्रतिनिधीने एवढे प्रश्न विचारले, फोटोपण छान काढलाय, पण साहेब तुम्ही देता किती आणि कुठल्या नावाखाली देता एवढं एक विचारायचं राहूनच गेलं बहुतेक.

त्याच अंकात छोट्या जाहिरातींचं पान बघा. "ट्रेनी पाहिजेत, व्हीएमसीचा अनुभव आवश्यक." (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, धातूचे पार्ट कापायची मशीन.) अनुभव असलेला ट्रेनी! म्हणजे काम येणारा माणूस पाहिजे आणि पगार शिकाऊचा द्यायचाय.

मी स्वतः सातपूरच्या एका कंपनीत नोकरी करून रिटायर झालो. परमनंट होतो, युनियन होती, करार व्हायचे, भांडणंही व्हायची. ओव्हरटाइम डबल मिळायचा, तो काय मालकाने खूश होऊन दिलेला नव्हता, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ५९ होतं म्हणून मिळायचा. आमच्यातल्या सातवी पास हेल्परला पण ते कलम पाठ होतं.

आता माझ्या मुलाचं ऐका. मेकॅनिकल डिप्लोमा, फर्स्ट क्लास. अंबडला एका कंपनीत लागला (नाव देत नाही, तो अजून तिथेच आहे), आधी ठेकेदाराकडून, मग कंपनीचा ट्रेनी, मधे एक ब्रेक, मग परत ट्रेनी. ब्रेक कशाला ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. सलग २४० दिवस भरले की परमनंट करायची पाळी येते, म्हणून सात महिने झाले की पोराला घरी बसवायचं आणि पंधरा-वीस दिवसांनी नवीन कार्ड नवीन नंबर. आणि वर्षानुवर्षे टेंपररी ठेवून परमनंटचे हक्क बुडवायचे याला महाराष्ट्राच्याच १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हटलंय, चौथ्या परिशिष्टात सहावी बाब, कोणीही काढून बघावं. एवढा जुना कायदा आहे तरी प्रत्येक गेटवर हेच चाललेलं.

तर एक दिवस पोरगा लेटर घेऊन आला, ज्युनियर ऑफिसर! आम्ही कॉलनीत पेढे वाटले. शर्टाचा रंग बदलला, आयकार्डची दोरी बदलली, कॅन्टीनमधे बसायचं टेबलसुद्धा बदललं म्हणे. मशीन मात्र तेच. तीच व्हीएमसी, तेच टार्गेट, तीच बारा तासांची ड्युटी. पगार १८,००० होता त्यात १,८०० वाढवले. महिन्याने पे-स्लिप आली त्यात ओव्हरटाइमचा रकानाच नाही. एचआरला विचारलं तर मॅडम म्हणाल्या, तू आता मॅनेजमेंट स्टाफ आहेस ना, ऑफिसरला ओव्हरटाइम नसतो.

मी कागद-पेन घेऊन बसलो. १८,००० भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, तासाला साडेशहाऐंशी रुपये झाले. डबलने १७३. रोज चार तास जास्तीचे, महिन्याचे १०४ तास. गुणून बघा, वरचे पैसे धरून बरोबर १८,००० येतात. म्हणजे बारा तास राबणाऱ्याला डबल दराने ओव्हरटाइम दिला तर दुसरा अख्खा पगार होतो, आणि तो चुकवायला कंपनीला खर्च किती आला, तर १,८०० रुपये आणि एक शर्ट. (रोज एवढा ओव्हरटाइम कायद्यात मुळात बसतच नाही, पण ते जाऊ द्या.)

बरं हा ऑफिसर कोणाचा? हाताखाली एक माणूस नाही. कोणाची रजा मंजूर करू शकत नाही, कोणाला मेमो देऊ शकत नाही, स्वतःची सुट्टी मागायला दोन साहेबांच्या मागे फिरतो. हुद्द्याचं नाव काय ते बघायचं नसतं, मुख्य काम काय करतो ते बघायचं असतं, हे कोर्टांनी किती वेळा सांगून झालंय. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, आले त्यात सुपरवायझरला कामगाराच्या व्याख्येतून बाहेर काढायची पगाराची मर्यादा १०,००० वरून १८,००० केलीय (त्याच्या वर पगार असलेला सुपरवायझर कामगार धरत नाहीत), चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी माणूस आधी सुपरवायझर तर पाहिजे ना! दिवसभर मशीनवर पार्ट लावणारा आणि काढणारा माणूस सुपरवाइज कोणाला करतो, मशीनला?

पोराला म्हटलं, आपण क्लेम टाकू, आता थकलेल्या पैशांसाठी तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं. तर म्हणतो पप्पा जाऊ द्या, माझं नाव पुढे आलं तर सिन्नरपासून दिंडोरीपर्यंत कोणी उभं करणार नाही, एचआरवाल्यांचा ग्रुप आहे सगळ्यांचा. यावर मी काय बोलणार. आमच्या वेळी गेटवर चारशे माणसं उभी राहायची, आज एका शेडमधे पाच ठेकेदारांची, सहा नावांची माणसं, एकाला दुसऱ्याचा पगार माहीत नाही. ट्रेनी वेगळा, अप्रेंटिस वेगळा, "कमवा आणि शिका"वाला वेगळा, ऑफिसर तर वेगळाच. मशीनला यातला फरक कळत नाही, पार्ट सगळ्यांचा सारखाच निघतो.

सप्टेंबर २०२५ मधे आपल्या मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला मंजुरी दिली तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर मोठी बातमी केली होती. आमच्या घरात कोणाला काही वाटलं नाही, पोरगा आधीपासून बाराच करतोय. आठवड्याचे ४८ तास तेच राहणार, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल असंही छापलं होतं. लेखी संमती! जॉइनिंगच्या दिवशी कोऱ्या कागदांवर सह्या घेतात त्यातला एखादा कागद संमतीचा असेलच, काळजी नको.

आणि आता विषय निघालाच आहे तर. सिटीलिंकच्या, म्हणजे आपल्या शहर बसच्या, वाहकांनी ठेकेदाराने पगार थकवला म्हणून जेव्हा जेव्हा बस बंद केल्या तेव्हा तुमचं हेडिंग काय असतं, "प्रवाशांचे हाल". हाल झालेच, मीसुद्धा सीबीएस स्टँडला ताटकळलोय. पण दोन-दोन महिने बिनपगारी राहणाऱ्याचे हाल आत शेवटच्या परिच्छेदात का? याचं कारण मला वाटतं तुमच्याच ऑफिसात आहे, राग मानू नका. पत्रकारांसाठी मजिठिया वेतन मंडळाने ठरवलेला पगार २०११ साली लागू झाला, मालक लोक सुप्रीम कोर्टात गेले, २०१४ ला हरले, २०१७ ला कोर्टाने परत सांगितलं की कंत्राटावरच्यांनाही तो पगार द्यायचा. तुमच्याकडे देतात का? तालुक्याला जी पोरं तुमच्यासाठी रात्री-अपरात्री अपघाताचे फोटो काढत फिरतात ती "मानधनावर" आहेत ना? मानही नाही आणि धनही नाही असं त्यातलाच एक जण आमच्या ओळखीचा म्हणतो. कोण ते सांगणार नाही.

मागे मी घंटागाडीबद्दल पत्र पाठवलं होतं त्याचा अर्धा भाग तुम्ही कापला आणि उरलेल्या अर्ध्यातून काहीच कळत नव्हतं, शेजारी विचारायला लागले की तुम्हाला नक्की म्हणायचंय काय. या वेळी कापायचं असेल तर वरचा मजिठियाचा भाग कापाल हे मला माहीत आहे. कापा. पण आकडेमोड ठेवा, आणि त्या उद्योजक साहेबांना हे पत्र दाखवून त्यांच्याकडे ऑफिसर किती आणि त्यातले मशीनवर उभे किती एवढं एक विचारून छापा. पुढच्या रविवारपर्यंत वाट बघतो.

माझं नाव छापू नये, आडनावावरून पोरगा ओळखू येईल.

आपला,
एक रिटायर्ड कामगार
अशोकनगर, सातपूर, नाशिक