भार की पत्ता: विन्याला पत्र

रत्नागिरी,
आषाढ, पावसाचा कितवा दिवस ते आता मोजत नाही

प्रिय विन्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. शिमग्यानंतर एक ओळ लिहिली नाही, कबूल. आईचे गुडघे तसेच, माझं पित्त तसंच. तब्येतीचं एवढं पुरे.

मंगळवारी एक जेल (रेणू वेगळे करणाऱ्या जेलीतल्या पट्ट्या) बघितलं आणि तुझं तोंड आठवलं. भार की पत्ता, कॅन्टीनमधला आपला वाद, विसरला नाहीस ना? विषाणूचं कवच आरएनएला नुसत्या विद्युतभाराने धरतं, की त्यावरची खूण, म्हणजे पत्ता, ओळखून? तू म्हणायचास, कवचाच्या प्रथिनाला आरएनए दिसतच नाही, दिसतो नुसता ऋणभार. मी म्हणायचो, मग रायबोसोमच्या आरएनएने खच्चून भरलेल्या जिवाणूत फाज, म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू, नेमका आपलाच आरएनए कसा उचलतो? त्यावर तू माझ्या डब्यातला बांगडा उचललास आणि म्हणालास, भूक पत्ता वाचत नाही. तो बांगडा अजून येणे आहे.

तर जेल. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या पोरीने एमएस२ या फाजचं कवच-प्रथिन ई. कोलाय जिवाणूत काढलं. कवचं आपोआप बनतात आणि जिवाणूचाच आरएनए पोटात घेऊन बनतात, ते तुला माहीत आहे. २६० भागिले २८० (त्या दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, आरएनए असला की वाढतं) बघितलं तर १.८च्या वर. मग दुप्पट आकारमान ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, बर्फात अर्धा तास, आरएनएचा साका सेंट्रिफ्यूजने खाली, वरचं पाणी डिसॉल्टिंग कॉलममधून २० मिलिमोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये. गुणोत्तर ०.६च्या आसपास आलं की समजायचं द्विकं (प्रथिनाच्या दोन-दोन प्रतींच्या जोड्या) स्वच्छ. पहिल्या वेळी ०.९वर अडलं. कारण सोपं होतं: साक्याच्या अगदी टोकापर्यंत पिपेट घातली होती. तळाचे शे-दोनशे मायक्रोलीटर सोडून द्यायला जीव होत नाही कोणाचा. तुझाही होत नसे.

पुढे १९ न्यूक्लिओटाइडची नेहमीची हेअरपिन (आरएनएचा दुमडलेला काटा, हाच तो पत्ता), रेप्लिकेज जनुकाच्या सुरुवातीची. ती बरोबर बसली. उणे-दहा क्रमांकाच्या जागचा मोकळा ॲडेनीन काढून टाकलेली हेअरपिन बसली नाही. मी खूश. पत्ता जिंकला. आणि मग पोरीने, मी सांगितलेलं नसताना, १,७००च्या आसपास लांबीचा लुसिफरेजचा (काजव्याला चमकवणाऱ्या प्रथिनाचा) आरएनए कंट्रोल म्हणून एक मायक्रोमोलर द्विकांबरोबर ठेवला. एक टक्का अगारोज, आधी इथिडियम (आरएनएचा रंग), मग कूमासी (प्रथिनाचा). दोन्ही रंग एकाच पट्टीत. मी म्हटलं, गोळा झाला असेल. तिने आरएनए खाणारं आरएनेज ए घातलं. मोकळा आरएनए गेला, पट्टी राहिली. गोळा असता तर आतला आरएनए खाल्ला गेला असता. कवचाच्या भोकांतून आरएनेज आत शिरत नाही. म्हणजे कवच, सरळसरळ कवच, काजव्याच्या आरएनएभोवती. हस आता.

हसून झालं? मग ऐक, कारण माझी काळजी इथून सुरू होते. प्रबंधात काय लिहायचं? "प्रथिन आपला आरएनए ओळखतं" असं लिहिलं तर परीक्षक ही पट्टी दाखवेल. "ओळखत नाही" लिहिलं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकत नाही.

आठ दिवस हेच चाललंय. मला वाटतं आपण दोघांनी प्रश्नच अर्धा विचारला होता. "चिकटतं का" याला उत्तर नाही. किती प्रथिनात, किती मिठात, आणि दुसरं कोण रांगेत उभं असताना, एवढं सांगितल्यावरच उत्तर आहे. हिशेब बघ. पूर्ण कवचात १८० प्रती म्हणजे ९० द्विकं (खऱ्या विषाणूत एका द्विकाच्या जागी परिपक्वता-प्रथिन बसतं, ते ८९चं प्रकरण सोड). एक द्विक २७.४ किलोडाल्टन, म्हणजे मिलीलीटरला एक मिलिग्रॅम हे साधारण ३६ मायक्रोमोलर. दहा नॅनोमोलर लांब आरएनएला ९०० नॅनोमोलर द्विकं पुरतात. पोरीने आरएनए नीट मोजलाच नव्हता. प्रथिन चौपट होतं. इतकी गर्दी केली की द्विकं एकमेकांना धरतात आणि मधे सापडेल त्याला गुंडाळतात. लीड्स विद्यापीठाच्या मंडळींनी २०१२ मध्ये एकेका रेणूवर पाहिलं ते याच्या उलट टोकाचं: प्रथिन नॅनोमोलरमध्ये ठेवलं तर एमएस२चा स्वतःचा आरएनए झटकन आकसतो, परका आकसत नाही. दोघांत फरक आहे, पण तो गर्दीत दिसत नाही. गणपतीच्या गाडीत कोणाचं रिझर्वेशन आहे ते कळतं का?

आणि एमएस२ला तुझी ती आर्जिनीनची धनभारित शेपटी नाहीच, रे. तो आरएनएला द्विकाच्या चपट्या पत्र्यावर धरतो, भार असतो पण मापात. तुझा युक्तिवाद खरा बसतो चवळीच्या विषाणूवर, सीसीएमव्हीवर. त्याच्या प्रत्येक प्रथिनाच्या टोकाला दहा धनभार. पीएच ७.२ला कमी मिठात आरएनए आणि प्रथिन एकत्र डायलिसिस करायचं, मग ४.५ला आणायचं, प्रथिन वजनाने सहापट असेल तर सगळा आरएनए भरला जातो, मग तो कुठलाही असो. वर मजा अशी की शर्यत लावली तर हे प्रथिन स्वतःच्या आरएनए१पेक्षा ब्रोम गवताच्या विषाणूचा आरएनए१ जास्त पसंत करतं. आपल्या कलमाखाली उभं राहून शेजारच्या हापूसकडे बघणारी जात. हा मुद्दा तुझ्या खात्यात लिहून ठेव, उपकार म्हणून नाही, हिशेब म्हणून.

अजून एक तिसरीच शक्यता आपल्याला कॅन्टीनमध्ये सुचली नव्हती. आपल्या दोडामार्गच्या माकडतापाचा विषाणू ज्या घराण्यातला, त्या फ्लॅविव्हायरसांचं कवच-प्रथिन धनभाराने भरलेलं आहे, चिकटायला काहीही चालेल असं. तरी आत बहुतेक स्वतःचाच जीनोम. का? त्याच घराण्यातल्या कुंजिन विषाणूवर दाखवलंय की जो आरएनए नुकताच प्रतिकृत होतोय तोच भरला जातो. प्रतिकृती थांबवली की भरणी थांबते. प्रथिन आणि नवा आरएनए एकाच पडद्याच्या आसऱ्याला, जेटीवर मासळी उतरते तिथेच बर्फाची पेटी, तसं. भारही नाही, पत्ताही नाही, जागा.

म्हणून आता शर्यत लावतोय. एमएस२चा ३,५६९चा आरएनए आणि तेवढ्याच लांबीचा परका, दोन रंगांत, दोन्ही पाच-पाच नॅनोमोलर, एकाच नळीत. प्रथिन मुद्दाम अपुरं: ९०, २२५, ४५० नॅनोमोलर. आरएनेज, मग आत काय उरलं ते मोजायचं. जोडीला यीस्टचा टीआरएनए स्पर्धक म्हणून एक नळी, नसलेली एक.

दोन भानगडी आहेत, त्या तुझ्याकडूनच शिकलोय तरी लिहितो. पहिली: आपल्याकडे किरणोत्सारी फॉस्फरस नाही, फ्लुरोसीन आहे, त्यामुळे हेअरपिन दहा नॅनोमोलरच्या खाली दिसत नाही. केडी (अर्धे बंध जुळतात ती प्रथिनाची मात्रा) त्याहून कमी असताना आलेली वक्ररेषा केडीची नसते, प्रथिन किती जिवंत आहे त्याची असते. पोरीने अर्ध्या उंचीवरचा आकडा सरळ केडी म्हणून लिहिला होता. द्विघात समीकरण बसवायला लावलं. शिवाय जेल चार अंशांवर आणि कमी व्होल्टेजवर. जेल तापलं की पट्टी ओघळते आणि मुलं म्हणतात बंध कमकुवत.

दुसरी भानगड रत्नागिरीची आहे. मॅग्नेशियम क्लोराइडची बाटली जुलैत उघडली की दोन दिवसांत खडे, चार दिवसांत काकवी. २०.३ ग्रॅम तोलून १०० मिलीलीटर केलं तर एक मोलर, पण त्या २०.३ ग्रॅममध्ये पाऊस किती? दहा मिलिमोलर समजून कोणी सात घालतंय, आणि आरएनएची घडी बदलतेय. दोन महिन्यांच्या आकड्यांत हेच निघालं. आता उन्हाळ्यात एकदाच एक मोलर द्रावण करून, गाळून, लहान नळ्यांत. डीईपीसीचंही (पाण्यातलं आरएनेज मारणारं रसायन) तेच: फ्रीजमधून काढून गार बाटली उघडली की आत हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं आणि डीईपीसी स्वतःच मरतो. तासभर टेबलावर ठेवून मगच उघडायची. आणि ट्रिस बफरमध्ये डीईपीसी घालायचा नाही, पाण्यात घालून ऑटोक्लेव्ह, नंतर ट्रिस. हे तू भिंतीवर लिहिलं होतंस आणि मी खाली "हो बाबा" लिहिलं होतं.

तुझं कसं चाललंय? नवीन घर लागलं का? चिनूची दहावी ना यंदा? वहिनींना कोकम आगळाच्या दोन बाटल्या पाठवतोय, तू पिऊ नकोस.

एक काम कर. तुझ्याकडे एफजी-लूप (द्विकं एकमेकांना जोडणारा वळसा) काढलेल्या प्रथिनाचा प्लाझमिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) आहे, जे द्विकावरच थांबतं, कवच बांधत नाही. तो मिळाला तर काजव्याची पट्टी बांधणीमुळे येते की नुसत्या चिकटण्यामुळे ते एका जेलमध्ये कळेल. आठ-दहा मायक्रोलीटर फिल्टर पेपरवर सुकव, पेन्सिलीने गोल कर (शाईने नको, मागच्या वेळी गोल आणि डाग दोन्ही पसरले होते), आणि साध्या टपालाने पाठव. प्लाझमिडला बर्फ लागत नाही.

तुझाच,
बाळ्या

ता. क. पाकिटात सिलिका जेलची पुडी टाक. निळी बघून टाक. गुलाबी झालेली मला इथे फुकट मिळते.