वारसा म्हणजे उत्पन्न नव्हे: तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आज तुमच्या प्रतिनिधीने बोलणं अर्धवट सोडून फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवते आहे.

वडील गेल्यावर त्यांच्या मुदत ठेवीचे ८,४३,००० रुपये माझ्या बचत खात्यात जमा झाले. सॉफ्टवेअरने ते ‘इतर उत्पन्न’मध्ये टाकले आणि कराचा अंदाज फुगवला. आयकर कायद्यात भेट म्हणून आलेल्या पैशावर कर लावणाऱ्या तरतुदीतून (१९६१च्या कायद्यातलं कलम ५६(२)(एक्स)) मृत्युपत्राने किंवा वारशाने आलेली रक्कम स्पष्ट वगळलेली आहे. नोंद अशी हवी: बँक नावे ८,४३,०००, भांडवल खाते जमा ८,३१,०००, म्हणजे मुद्दल ८,००,००० आणि मृत्यूच्या दिवसापर्यंतचं व्याज ३१,००० (त्याचा कर वडिलांच्या विवरणपत्रात). त्यानंतरचं १२,००० व्याज तेवढं माझं उत्पन्न. तुमच्याकडे एका जमेची अशी फोडच करता येत नाही.

हे सांगितल्यावर प्रतिनिधी म्हणाले, “पैसे आले म्हणजे उत्पन्नच ना, मॅडम?” नाही म्हटलं. “मग भेट निवडा.” भेट निवडली की तुमचाच अहवाल रक्कम ५०,०००च्या वर गेली म्हणून ती सगळीच करपात्र धरतो. “मग सुरुवातीची शिल्लक वाढवा.” १ एप्रिलची शिल्लक आज वाढवली तर ३१ मार्चचा ताळेबंद पासबुकाशी जुळेल कसा? यावर उत्तर आलं, “एवढी मोठी रक्कम मिळालीय, एका सदराचं काय घेऊन बसलात?” वडील गेल्यावर आलेल्या पैशाबद्दल हे ऐकून घ्यायला मी वर्गणी भरत नाही.

शेअरचं तर याहून वाईट. वडिलांनी २०१२ साली घेतलेले शेअर ट्रान्समिशनने, म्हणजे मृत्यूनंतर वारसाच्या नावे होणाऱ्या हस्तांतराने, माझ्या डीमॅटमध्ये आले. तुमच्याकडे प्रकार एकच, ‘खरेदी’. ती नोंदवली की न दिलेले पैसे बँकेतून वजा होतात आणि शिल्लक उणे दिसते. २०१२ ही तारीख घेतली जात नाही, कारण माझं खातं नंतर उघडलं. आजची तारीख आणि आजचा भाव टाकला तर पुढे विकताना नफा कमी दिसेल आणि दीर्घ मुदतीचा शेअर अल्प मुदतीचा ठरेल. कायद्याने खरेदी किंमत आणि धारणकाळ दोन्ही वडिलांचे धरायचे असतात, आणि इतक्या जुन्या शेअरचा नफा काढायला ३१ जानेवारी २०१८चा भावही लागतो. त्याला रकानाच नाही.

वारसा हे उत्पन्न नाही, पुन्हा सांगते. ‘वारसा’ हा प्रकार द्या, तो भांडवलात जमा करा, मूळ तारीख आणि किंमत भरू द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवीन आणि वर्षाची वर्गणी परत मागेन. घरातल्या तिघांचे हिशेब तुमच्यावर विश्वास टाकून ठेवले होते, ते मी हलवते आहे.

— एक वार्षिक सदस्य